शिरपामाळाचा हिवाळा

यंदा नाशकात थंडी जरा लवकरच उतरली. सकाळी ओट्यावर येऊन बसलं की हाताची कातडी तडतडते आणि गोदेकडून येणारा वारा कानाला झोंबतो. माझा मुलगा कचेरीत जाण्याआधी गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारतो. गेल्या आठवड्यापासून त्याची लेकही त्याच्याबरोबर जाऊ लागली आहे. मॅट्रिकच्या अभ्यासापायी पोरीची झोप उडाली होती. ताटावर बसायची आणि भात चिवडून उठायची. मी खाली बसून वरचे आवाज ऐकते. दोरी फरशीवर आपटते, मग दोघांच्या धापा, मग मध्येच तिचं काहीतरी बोलणं. बाप फारसं बोलत नाही, नुसता हुंकार देतो. काल मी मेथी निवडत होते, तेव्हा ती वरून म्हणाली, "बाबा, मला पेपर समोर आला की काहीच आठवणार नाही असं वाटतं." तो म्हणाला, "हं. अजून थोड्या मारू." आणि दोरी पुन्हा आपटू लागली.

मेथी तशीच हातात राहिली. मन कधीच कसारा ओलांडून जव्हारला जाऊन पोचलं होतं.

जव्हारची थंडी नाशकासारखी कोरडी नाही. ती दरीतून वर येते. पहाटे सगळी दरी धुक्यानं तुडुंब भरलेली असायची, आणि आमचं गाव त्या धुक्याच्या काठावर बसल्यासारखं दिसायचं. भात कापून झालेलं असायचं, शेताशेतांत पेंढ्यांचे उडवे उभे असायचे. कुठेतरी नागली, म्हणजे नाचणी, झोडपत असायचे. तिचा बारीक, गोडसर धुरळा नाकात जायचा आणि त्यात शेकोटीच्या धुराचा वास मिसळायचा. करवीच्या कुडांच्या घरांना शेणानं लिंपलेलं असायचं, तरी फटीतून वारा आत यायचाच. आम्ही पोरं गोधडीत एकमेकांना बिलगून झोपायचो, असं लिहायला हात शिवशिवतात. पण आमच्या घरात एकमेकांना बिलगायला पोरं नव्हतीच. मी एकटीच होते.

संस्थानाचा काळ होता. माझा बाप दरबारच्या शिपायांत होता. आम्ही त्याला बा म्हणायचो आणि आईला आय. बा राजवाड्याच्या फाटकावर पहारा द्यायचा, सणासुदीला महाराजांच्या स्वारीपुढं चालायचा, आणि एरवी मैदानात बाकीच्या शिपायांबरोबर कवायत करायचा. उंचापुरा, खांद्यानं रुंद. तरुणपणी जत्रांतून कुस्त्या मारलेल्या. त्याला पहाटे जोर काढायची सवय होती, पण ते त्याचं स्वतःचं काम होतं. आंघोळीसारखं. त्यात लेकीला न्यावं असं त्याच्या मनात कधी आलं नसावं, आणि माझ्या तर नाहीच.

ज्या हिवाळ्याचं मी सांगते आहे, त्याच्या आधीच्या भाद्रपदात आय गेली. बाळंतपणानंतर ताप भरला तो उतरलाच नाही. बाळ तिच्याआधी गेलं होतं. त्याआधीही माझ्या पाठची दोन भावंडं अशीच लहानपणी गेली होती. घर बायकांनी भरलं. मी कणगीच्या आडोशाला बसले होते, आणि माझ्याकडं बघत एक बाई दुसरीला म्हणाली, "हिच्या पाठीवरचं जगतच नाही. आता तर आईलाही घेऊन गेलं." दुसरी नुसती मान हलवत राहिली.

माझं वय असं होतं की शब्द ऐकू येतात, पण त्यांतला आडवा अर्थ कळत नाही. पाठीवरचं म्हणजे पाठचं भावंड हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला ते तसं ऐकूच आलं नाही. माझी पाठ, ही इथं मागं असलेली, मला न दिसणारी पाठ, तिच्यात काहीतरी वाईट आहे, एवढंच डोक्यात घुसलं. त्यानंतर मी भिंतीला पाठ लावून झोपू लागले. आयच्या बाळंतपणालाच बाची थोरली विधवा बहीण, माझी आत्या, घर सांभाळायला आली होती; आंघोळीच्या वेळी ती पाठ चोळायला आली की अंग चोरायचे. शेजारच्या घरात बाळ होतं. एकदा त्याच्या झोळीशी गेले, तर शेजारणीनं झोळी हळूच दुसऱ्या अंगाला फिरवली. ती मला काही बोलली नाही. उलट हातावर गूळ ठेवला. तो गूळ मी परसात टाकून दिला.

मग ते सुरू झालं. बसल्या जागी छातीत काहीतरी अडकायचं. दम आत जायचा, पण पुरा पडायचा नाही. हातपाय गार पडायचे.  आत्यानं पाड्यावरच्या भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकून पाहिले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोर भ्यालीय. तिला एकटी सोडू नका." आता वाटतं, त्या माणसानं बरोबर सांगितलं होतं. पण आत्याला उतारा हवा होता, तो त्यानं दिला नाही. म्हणून ती नाराजच झाली.

बा यातलं काहीच बोलत नसे. आय गेल्यापासून तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता. जेवायचा, भिंतीकडं बघत बसायचा, पहाऱ्यावर जायचा. त्यानं पहाटेचे जोरही सोडले होते. पण भगत येऊन गेल्यावर एका सकाळी तो माझ्या गोधडीशी आला आणि पायाचा अंगठा धरून हलवला.

"ऊठ, यमू. माळावर जायचंय."

"कशाला?"

"जोर काढायला."

"मी?"

"मग काय मी एकटाच काढू?"

शिरपामाळ आमच्या गावापासून काही लांब नाही. जुन्या काळी इथं फौज उतरली होती असं गावात सांगायचे. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या लेखी तो नुसता उघडा माळ होता, वाऱ्याचा. आत्यानं दिलेलं फडकं डोक्याला बांधून, परकर गुडघ्यापर्यंत खोचून मी बाच्या मागं निघाले. दवानं गवत भिजलेलं होतं. पायाला इतकं गार लागायचं की थोड्या वेळानं पाय आहेत की नाहीत ते कळेना. बा पळू लागला. मी मागून पळू लागले. आणि चढावर माझा दम अडकला. मी मटकन खाली बसले. वाटलं, आता मीही जाणार.

बा परत आला. घाबरू नको, असं म्हणाला नाही. माझ्यासारखाच खाली बसला.

"दम घेऊ नको," तो म्हणाला. "आधी सोड. चूल फुंकतेस ना, तशी फुंक. सगळा बाहेर काढ."

"मग?"

"मग काय, आत यायचा तो येतो आपला आपण."

मी फुंकलं. तोंडातून वाफ निघाली. बानंही फुंकलं, त्याची वाफ माझ्याहून मोठी. मी पुन्हा फुंकलं. आत यायचा तो खरंच आला.

पुढं आयुष्यात मी शाळेत शिकवलं, सासर सांभाळलं, वैधव्य पाहिलं. जेव्हा जेव्हा छाती दाटून आली, तेव्हा लोकांनी मला धीर धर, खंबीर हो असं पुष्कळ सांगितलं. त्या सांगण्यानं काही झालं नाही. कामी आलं ते त्या चढावरचं फुंकणं.

त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. पळायचं, मग सपाटीवर नमस्कार घालायचे, मग बैठका. शेवटी बा जोर काढायचा आणि मी त्याच्यासारखं करायचा प्रयत्न करताना नाकावर आपटायची. पहिले काही दिवस अंग असं दुखायचं की पाट्यावर वाटण वाटता येईना. आत्या कुरकुरायची.

"पोरीच्या जातीला जोर-बैठका? उद्या सासरी जाऊन काय कुस्ती खेळायचीय तिला?"

बा भाकरी मोडत म्हणाला, "काल किती जेवली ती?"

 आदल्या दिवशी मी भाकरी मागून घेतली होती. वाटाण्याची उसळ संपेपर्यंत खाल्ली होती, आणि जेवता जेवता भिंतीला टेकून झोपी गेले होते. आत्या वाईट नव्हती. तिनंच त्या बाळाला न्हाऊ घालून शेवटचं गुंडाळलं होतं. माझ्याकडं बघताना तिच्या डोळ्यांत जे यायचं ते रागाचं नव्हतं, भीतीचं होतं. ते मला खूप उशिरा कळलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही परत यायच्या वेळेला ती नागलीची आंबील चुलीवर ठेवू लागली.

एक गोष्ट मात्र बाच्या ध्यानात आली होती. नमस्कार घालताना मी वाकडी झाले की तो पाठीवर हात ठेवून सरळ करायला यायचा, आणि मी अंग झटकून बाजूला व्हायची. एकदा नाही, दरवेळी. त्यानं विचारलं नाही. हात मागं घ्यायचा आणि तोंडानं सांगायचा, "कंबर खाली. मान वर."

माणसं समोरासमोर बसून जे बोलत नाहीत, ते शेजारी शेजारी पळताना बोलतात, हे मला तिथं कळलं. पळताना नजर वाटेवर असते. कोण कोणाकडं बघत नाही. तोंडातून शब्द निघतात ते धापेबरोबर निघतात, त्यांना अडवायला वेळच नसतो. असंच एकदा उतरताना, धुकं विरून खालच्या खाचरांत ऊन पडायला लागलं होतं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"बा, माझी पाठ वाईट आहे का?"

तो थांबला. मी थोडी पुढं जाऊन थांबले.

"काय म्हणालीस?"

"माझ्या पाठीवरचं जगत नाही. आयपण त्यानंच मेली."

"कोण म्हणालं?"

"सगळ्याच म्हणतात."

बा दरीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आता तोही म्हणेल की खरं आहे. मग तो वळून माझ्यापाशी आला.

"तुझ्या पाठची ती पारू होती ना, तिला देवी आल्या होत्या. गावात किती पोरांना आल्या त्या साली. त्या सगळ्यांच्या थोरल्या बहिणींच्या पाठी वाईट होत्या?"

मी नाही अशी मान हलवली.

"मधला पोरगा अंगावर पीतच नव्हता. तुझ्या आयला ताप भरला. सुईणीनं केलं, वैद्यानं केलं, मी केलं. नाही उतरला. यात तू कुठं आलीस? फिर, पाहू."

मी फिरले. त्यानं तळहात माझ्या पाठीवर ठेवला. त्या वेळी मी अंग झटकलं नाही. त्याचा हात जड होता, खरखरीत होता, आणि पोलक्यातून त्याची ऊब लागत होती.

"ही पाठ आहे," तो म्हणाला. "घामेजलीय. बास. आणखी काही नाही."

हात तिथंच राहिला. मागून त्याच्या श्वासाचा आवाज येऊ लागला, तुटक तुटक. मला वाटलं, त्याला धाप लागली आहे. मी म्हटलंदेखील, "बा, सोड. आधी सोड." त्यावर तो खाली बसला आणि तोंड गुडघ्यांत घातलं. आयला नेलं त्या दिवशी तो रडला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले, आणि काय करावं ते न कळून त्याच्या पाठीवर हात ठेवला. खालच्या खाचरांतून कोणीतरी बैलांना हाकत होतं.  मग बानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "चल, पहाऱ्याला उशीर होईल."

त्या दिवसापासून तो जोर काढताना मला पाठीवर बसवू लागला. मी त्याच्या खांद्यांना धरून बसायची. तो खाली गेला की माळ वर यायचा, तो वर आला की माळ खाली जायचा. गवताचा वास, घामाचा वास आणि मध्येच त्याचा दबलेला आवाज, "जड झालीस गं." मला त्याचा इतका अभिमान वाटायचा! बापाला जड होणं ही काही मोठी कमाई असावी असं वाटायचं.

पौष सरताना बाला मोखाड्याच्या नाक्यावर काही कामगिरी निघाली. तिथून पुढं सूर्यमाळला माझं आजोळ. बानं मला बरोबर घेतलं. आत्या म्हणाली, "एवढी वाट पोरीला चालवेल का?" बा म्हणाला, "तिलाच विचार." मी चालले. रानातली ती वाट आजही पायांना आठवते. सागाची मोठाली पानं पायाखाली चुरचुरायची. मोखाड्याच्या पुढं चढ लागला, तेव्हा बा शिपायांच्या कवायतीसारखा पाय आपटत चालू लागला आणि मीही तसाच पाय आपटू लागले. वाटेतला एक लाकूडतोड्या डोक्यावरची मोळी सांभाळत आमच्याकडं बघत उभा राहिला.

सूर्यमाळला मामाचं घर उंचावर, चार घरांच्या पाड्यात होतं. मामाला नुकताच मुलगा झाला होता. मी दारातच थबकले. झोळी दिसली तशी उलट्या पावली अंगणात आले आणि मांडवाच्या खांबाला पाठ टेकून उभी राहिले. मामी बाहेर आली. तिनं पाणी दिलं. मी पाणी प्यायले, पण आत गेले नाही.

बा माझ्याकडं बघत होता. मग तो मामीला म्हणाला, "वहिनी, पोर यमूच्या पाठीला बांध ना जरा. झऱ्यावर जाऊन येईल ती."

 मामा हातातला कोयता खाली ठेवून उभा राहिला. माझ्या पाठीची गोष्ट सूर्यमाळपर्यंत पोचली होती, हे त्यांच्या तोंडांवरून माझ्यासारखीलाही कळलं. मामा म्हणाला, "दाजी, कशाला आत्ता? चालून दमली असेल ती."

"दमली नाही ती," बा म्हणाला. "रोज पळते माझ्याबरोबर. पाठ घट्ट आहे तिची."

मामीनं माझ्याकडं पाहिलं. तिचं ते पहिलंच मूल होतं. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी पुढं आई झाल्यावर स्वतःला कितीदा विचारलं आहे. ती आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. ती आली तेव्हा एका हातात पोर होतं आणि दुसऱ्या हातात जुनं लुगडं.

"वाक," ती म्हणाली.

मी वाकले. तिनं पोर माझ्या पाठीवर ठेवलं आणि लुगडं माझ्या छातीवरून फिरवून घट्ट गाठ मारली. मला हलताही येईना. मग पाठीवर काहीतरी सरकलं. एक छोटी मूठ मानेखाली लागली. गरम श्वास आला, गेला, परत आला. मी सरळ उभी राहिले.

"चल," बा म्हणाला. तो माझ्या शेजारून चालू लागला. मामीही हंडा घेऊन निघाली. उन्हाळ्यात त्या झऱ्याला पाणी राहत नाही, पण तेव्हा ते खडकातून झुळझुळत होतं. पाड्यातल्या बायका पाणी भरत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मामीकडं पाहिलं. मामीनं हंडा धारेखाली धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "झोपलं बघ तिच्या पाठीवर. माझ्यापाशी झोपत नाही मेलं."

तो मामेभाऊ आज सूर्यमाळला नातवंडं खेळवतो आहे. तो जगला याचा माझ्या पाठीशी काही संबंध नाही, तसा न जगलेल्यांचाही नव्हता. हे मला आता डोक्यानं समजतं. पण तेव्हा ते मला अंगानं समजलं. माझ्यापुरतं ते पुढच्या जन्मभराला पुरलं.

होळीनंतर बाची नेमणूक मोखाड्याच्या नाक्यावर झाली. मग तो क्वचितच घरी यायचा. पुढच्या वैशाखात त्याचं दुसरं लग्न झालं. नवी आई भली होती, ती मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. मी गावातल्या शाळेत शिकले, मग नाशकात नात्यातल्या एकांकडं राहून पुढं शिकले, मास्तरीण झाले. बाबरोबर पुन्हा कधी माळावर गेले नाही. सुट्टीत घरी आले की तो विचारायचा, "दम पुरतो ना गं?" मी म्हणायची, "पुरतो." एवढंच. एकच हिवाळा होता तो. एवढं मोठं आयुष्य, आणि त्यातला तो एवढासा तुकडा. तरी थंडी पडली की मन बाकीचं सगळं ओलांडून तिथंच जाऊन बसतं.

बा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या पदरी दोन मुलं होती. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला तोंडही बघायला मिळालं नाही. नव्या आईची लेक, माझी धाकटी बहीण गंगू, आपली सासरची माणसं जेवून झोपल्यावर दुपारी माझ्यापाशी येऊन बसली. जोंधळे निवडत निवडत तिनं विचारलं,

"ताई, तू लहान असताना बा तुला माळावर पळायला न्यायचा म्हणे. खरं का गं?"

"खरं."

"आणि पाठीवर बसवून जोर काढायचा?"

"हो."

तिचे हात थांबले. "कसा दिसायचा तेव्हा? बोलायचा का? हसायचा?"

मी तिला सांगत राहिले. तो कसा फुंकायचा, उतारावरून कसा मुद्दाम घसरायचा आणि खाली जाऊन माझी वाट बघत हसत उभा राहायचा, ते सगळं. ती ऐकत होती, एखाद्या अनोळखी माणसाची हकीकत ऐकावी तशी. मला भेटला तो बा तिला भेटलाच नव्हता. तिला मिळाला तो कामावरून येऊन खाटेवर पडणारा, थोडं बोलणारा, प्रेमळच, पण दमलेला बाप.

"मला का नाही नेलं गं त्यानं कधी?" ती म्हणाली.

उत्तर माझ्यापाशी होतं. तुझी आई होती, गंगू. तू जेवत होतीस, हसत होतीस, झोपत होतीस. तुला काही झालेलं नाही असं त्याला दिसत होतं, म्हणून तुला कुठं न्यायचं त्याला सुचलं नाही. माझी आय गेली तेव्हा मला बा मिळाला. हे कोणत्या तोंडानं सांगायचं होतं मी तिला?

"त्याचे गुडघे गेले होते गं तोवर," मी म्हणाले.

गंगूनं सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "हां. गुडघे गेलेच होते." आणि सूप माझ्याकडं सरकवून डोळे पुसायला परसात गेली.